बघायला आलेल्यांना बघू द्या : बेळगाव, खानापूर, हलशी

शुक्रवार

मिरजेहून मावशी आणि तिचा नातू सकाळच्या गाडीनं बेळगावला उतरले. तो माझा भाचा, आठवीत आहे. कुठंही गेला तरी चित्रांची वही काखेत असते, एखादी गोष्ट आवडली की जमिनीवर मांडी घालून बसतो आणि काढायला लागतो. मावशीचे गुडघे दुखतात, पण जुनं देऊळ म्हटलं की ती चपला घालून आधी दारात उभी. रविवारच्या रात्रीच्या गाडीनं परत जायचं ठरवूनच ती दोघं आली होती. गाडी माझी, चालवणारी मी, त्यामुळे कुणाच्या वेळापत्रकाला बांधलेलो नव्हतो.

जेवण करून दुपारी किल्ल्यात गेलो. रुंद खंदक, आत झाडांची दाट सावली आणि लष्कराची कार्यालयं. हा किल्ला रट्ट राजांपासून आदिलशाहीपर्यंत अनेकांच्या हातून गेला आणि 1818 मध्ये वेढा घालून इंग्रजांनी घेतला. दाराशी दुर्गादेवीचं देऊळ आहे. मावशी हात जोडून उभी राहिली तेवढ्यात भाच्यानं मोबाइल वर केला. पहाऱ्यावरचा जवान दोन पावलं पुढं आला. "मावशी, देवीचा फोटो घ्या, पण त्या बाजूला कॅमेरा नको. तिकडं आमची ऑफिसं आहेत." एवढंच. भाच्यानं मोबाइल खिशात घातला, जवान परत जागेवर गेला. काय चालेल, काय चालणार नाही आणि का, हे त्यानं अर्ध्या मिनिटात सांगितलं. त्या वेळी यात काही विशेष वाटलं नाही. शनिवारनंतर ते वारंवार आठवलं.

किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जुनं जैन मंदिर, मी लहानपणापासून बघत आलेय. 1204 साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं ती बांधली. मुख्य मूर्ती नेमिनाथांची. मुखमंडपाच्या छताला दगडाचं कमळ उलटं लोंबतं आणि त्याच्या पाकळ्यांत भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले मिळून 72 तीर्थंकर कोरलेत. खांब इतके गुळगुळीत की जवळ गेलं तर आपल्या चेहऱ्याची सावली त्यात हलताना दिसते. भाचा मान वर करून करून थकला आणि शेवटी फरशीवर आडवाच झाला. पोटावर वही, नजर छताला. तिथं देखरेखीला असलेले काका बराच वेळ नुसते बघत होते. मला वाटलं, आता उठवणार. ते भिंतीकडं गेले आणि त्यांनी छताखालचा दिवा लावला. "आता पाकळ्या मोजता येतील बघ," म्हणाले. मावशीनं त्यांना गाव विचारलं, त्यांनी मावशीचं विचारलं, मग मिरजेच्या दर्ग्यावरून बोलणं निघालं.

सफा मशीद बाहेरून पाहिली. ती 1519 ची, असदखानानं बांधलेली. नंतर किल्ल्यातल्याच रामकृष्ण आश्रमात गेलो. विवेकानंद 1892 च्या ऑक्टोबरात बेळगावला आले ते कोल्हापूरहून ओळखीचं पत्र घेऊन. आधी भाटे वकिलांकडं उतरले, मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्या किल्ल्यातल्या घरी राहिले. तोवर शिकागोची धर्मपरिषद व्हायची होती. दारात आलेला हा माणूस कोण हे बेळगावात कुणालाच माहीत नव्हतं. जेवणानंतर पान आणि तंबाखू मागणारा संन्यासी बघून भाट्यांच्या घरात नवल वाटलं, पण त्याची सरबराई नीट झाली. विवेकानंदांची काठी, खाट आणि आरसा आश्रमात जपून ठेवलाय. मावशी त्या खोलीत बरीच रेंगाळली.

शनिवार

या दिवशी जिथं गेलो त्या ठिकाणाचं नाव मी लिहीत नाही. जिल्ह्यातलीच एक संरक्षित वास्तू, एवढं पुरे. तिथं जे घडलं ते दोन माणसांनी केलं, आणि ती दोघंही ठेकेदाराकडची. नाव लिहिलं तर त्यांची नोकरी जाईल आणि जे बदलायला हवं ते जागच्या जागी राहील.

सकाळी लवकर निघालो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन दोन जोडलेल्या, मागं दिवा नाही, वळणावर शेपूट रस्त्यात. वाटेत ज्वारीचं हिरवंगार रान आणि काळी माती. एका गावात गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक आणि सुक्यामेव्याची मिठाई, मिळालं, ते भाच्यानं गाडीतच अर्धं संपवलं.

पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. दारात प्लास्टिकच्या खुर्चीत रखवालदार बसलेला, गळ्यात शिट्टी, हातात काठी. आमच्याकडं न बघता काठीनं पिशवीकडं खूण केली. "भायेर." मावशीच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि गोळ्या होत्या. गोळ्या घ्यायची वेळ झालीय, बाटली तेवढी राहू दे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "पाणी नाही म्हणजे नाही." पिशव्या ठेवायला कपाट नाही, टोकन नाही, दाराशी उन्हात एक कट्टा. तिथं ठेवून आत गेलो.

आत वास्तू खरोखर देखणी होती. भाच्यानं एका कोपऱ्यात बसून खांबाच्या तळखड्यावरची वेलबुट्टी काढायला घेतली. कुणाच्या वाटेत नाही, कशाला हात नाही. पाच मिनिटं झाली नसतील, शिट्टी वाजली. दगडी मंडपात शिट्टीचा आवाज कसा घुमतो ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. मावशी दचकलीच. दुसरा रखवालदार तरातरा आला आणि म्हणाला, "ड्रॉइंग नाही. परमिशन आण."

"कुणाची परमिशन?" मी विचारलं.

"ऑफिसची."

"ऑफिस कुठंय?"

"आज शनिवार. बंद."

भाचा वही मिटायला लागला होताच, पण त्या माणसाला तेवढाही धीर नव्हता. त्यानं पंजा टाकून वही दाबून मिटली. पेन्सिल आत अडकली, टोक मोडलं आणि अर्ध्या काढलेल्या वेलीवर तिरका काळा ओरखडा उठला. पोरगा काही बोलला नाही. कान लाल झाले, वही छातीशी धरली आणि माझ्यामागं येऊन उभा राहिला. तेराव्या वर्षी मुलांना रडता येत नाही आणि भांडताही येत नाही.

मी त्याच्याशी बोलत असताना मावशी थकून मंडपाच्या कडेला बसली. बसायला बाक नव्हता, सगळ्या आवारात एकही नाही. पुन्हा शिट्टी. "ए आज्जी, ऊठ. बसायचं नाही." काठी फरशीवर आपटली, मावशीच्या पायापासून वीतभर अंतरावर. बाहत्तर वर्षांच्या बाईला! मावशी उठताना आधारासाठी खांबाला धरू लागली तर, "खांबाला हात नको." मग ती माझ्या खांद्यावर भार टाकून उठली. तोंडातून शब्द नाही, फक्त पदर सावरला. आमच्या घरात मावशीला अरेतुरे करणारं आता कुणी उरलेलं नाही.

आता हे वाचून आमच्या भागातले पुष्कळ लोक लगेच म्हणतील की मराठी बोललात म्हणून असं वागवलं. मलाही गाडीत बसेपर्यंत कुणीतरी तेच ऐकवलं असतं तर पटलं असतं. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेपासून या जिल्ह्यात इतकं काही साठलंय की पाटीवरच्या एका अक्षरावरूनही माणूस दुखावतो. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायला हवं. आमच्या पुढंच बागलकोटचं एक कुटुंब होतं, चोख कन्नड बोलणारं. त्यातली लेकुरवाळी भिंतीच्या सावलीत पदराआड बाळाला पाजत बसली होती. तिच्यावरही शिट्टी वाजली आणि "होरग होग्री, नडीरी नडीरी", बाहेर जा, चला चला, म्हणत त्यांना उन्हात काढलं. तिचा नवरा कन्नडमध्येच विनवत होता, दोन मिनिटं थांबा म्हणून. त्याचंही ऐकलं नाही. बाळ रडत होतं ते बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. भाषेचा इथं काही संबंध नव्हता. तिकीट काढून आत आलेला प्रत्येक माणूस त्या दोघांना त्रास वाटत होता.

आणि जे खरंच थांबवायला हवं होतं ते त्यांच्या पाठीमागं भिंतीवर होतं. बदामाचे आकार, बाण, नावांची आद्याक्षरं, खिळ्यानं खरवडलेली. काही इतकी ताजी की खाचेतला दगड अजून पांढरा होता. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर 1958 च्या कायद्यात शिक्षा आहे, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, इतकी कडक आहे. खिळा घेऊन आलेला गर्दीत दिसत नाही. वही घेऊन आलेला मुलगा आणि गुडघे धरून बसलेली म्हातारी लगेच दिसते. त्यामुळे राखण त्यांचीच होते.

निघताना मी तक्रारवही मागितली. "इल्ला." नाही. साहेबांचा नंबर? त्यानं दाराजवळच्या फलकाकडं बोट दाखवलं. फलकावर नंबर होता, पण उन्हापावसानं उडालेला, शेवटचे तीन आकडे वाचता येईनात.

समोरच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या बाई मराठी-कन्नड दोन्ही मिसळून बोलायच्या, आमच्याकडं बोलतात तसं. मावशीला त्यांनी स्वतःची खुर्ची दिली, गोळ्यांसाठी पाणी दिलं, बागलकोटच्या त्या बाईला टपरीमागं आडोशाला बसवलं. मी चिडून बोलत होते ते ऐकून म्हणाल्या, "अक्का, त्यांचं पण ऐका की. सकाळी उघडतात, अंधार पडला की जातात. सुट्टी नाही. पगार कधी दोन महिन्यांनी. आत पाण्याचा नळ नाही, संडास नाही, ते पण माझ्याकडनंच पाणी नेतात. आणि कुणी भिंतीला ओरखडा काढला की साहेब यांनाच शिव्या घालतो."

हे ऐकल्यावर माझा राग गेला असं नाही. मावशीच्या पायाशी आपटलेली काठी कुठल्याही पगारानं समर्थनीय होत नाही. पण तो राग एकट्या त्या दोघांवर राहिला नाही. त्यांना नेमताना कुणी हे सांगितलंच नसणार की ही वास्तू कुणी बांधली, लोक एवढ्या लांबून काय बघायला येतात, त्यांना काय दाखवायचं. अडवायचं काम दिलंय, दाखवायचं दिलेलं नाही. मग ज्या माणसाला फक्त अडवायचा पगार मिळतो त्याला प्रत्येक शिट्टी म्हणजे काम झाल्याची खूण वाटणार.

आणि नियमाचं म्हणाल तर तोही त्यांना कुणी समजावलेला नाही. जुलै 2018 मध्येच केंद्राच्या अखत्यारीतल्या संरक्षित स्मारकांत फोटो काढण्यावरची बंदी उठवली गेली. अजिंठ्यासारखी मोजकी ठिकाणं तेवढी वगळली. मोठा तिपाई कॅमेरा लावायचा तर परवानगी घ्यावी लागते, ते योग्यच. पण शाळकरी पोरानं पेन्सिलीनं वेल काढू नये, असा कुठलाही फलक त्या आवारात नव्हता. मी मुद्दाम परत जाऊन तिन्ही भाषांतले फलक वाचले.

बागलकोटचे ते गृहस्थ आणि मी एकमेकांचे नंबर घेतले. घरी येईपर्यंत भाच्यानं वही उघडली नाही.

रविवार

मावशी म्हणाली, "आज घरीच बसू." मी ऐकलं नाही. कालचा दिवस डोक्यात घेऊन तिनं मिरजेला जाऊ नये असं मला वाटत होतं. सकाळी सातलाच खानापूरची वाट धरली.

बेळगाव सोडून दक्षिणेकडं निघालं की तासाभरात मुलूख बदलतो. लाल माती, कौलारू घरं, भाताची कापणी उरकून खळ्यावर रचलेल्या वळया, आणि पश्चिमेला जंगलाची काळी रेघ. खानापूरच्या मातीची कौलं आणि मडकी पूर्वीपासून प्रसिद्ध. मलप्रभा इथं अजून लहान आहे, कणकुंबीच्या डोंगरातून नुकतीच उतरलेली.

नंदगडला थांबलो. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सरदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 ला इथं फाशी दिलं. वडाखाली शाळेतली मुलं रांगेत उभी होती आणि त्यांचे मास्तर कन्नडमधून गोष्ट सांगत होते. आम्ही मागं उभे राहिलो तसं त्यांनी शेवटची दोन वाक्यं आमच्यासाठी मराठीत सांगितली.

हलशीला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. आज हे एक साधं खेडं आहे, पण एकेकाळी हे पलाशिका होतं. बनवासीच्या कदंब राजांचं दुसरं मोठं ठाणं, पुढं गोव्याच्या कदंबांचीही दुसरी राजधानी. पाचव्या शतकात मृगेशवर्म्यानं इथं जिनालय बांधल्याचं ताम्रपट सांगतात. आज गावातल्या गल्लीतून चालताना कधी सुवर्णेश्वर, कधी कलमेश्वर, कधी जुनी बसदी समोर येते, शेजारी कुणाची गुरं बांधलेली, कुणाचं वाळवण घातलेलं.

भूवराह नरसिंहाचं देऊळ मात्र गावाचं काळीज. बाराव्या शतकात कदंब राजा शिवचित्त पेरमाडी याच्या काळात इथं नरसिंहाची स्थापना झाली. दोन गाभारे समोरासमोर, मधे मंडप. एकीकडं वराह, दाताच्या टोकावर भूदेवी अलगद उचललेली. दुसरीकडं नरसिंह. मधे उभं राहिलं तर दोन्ही देवांच्या नजरेच्या रेषेत आपण येतो.

पुजारीबुवा बाहेर आले. भाच्यानं वही मागं लपवली. मला ते बघून कसंनुसं झालं. मावशी पायरीपाशी घुटमळत होती, बसू का नको या विचारात. बुवा म्हणाले, "बसा की आज्जी, तिथं ऊन येतंय, हिकडं सरका." मग त्यांचं वहीकडं लक्ष गेलं. "काढतोस होय? मग गाभाऱ्यासमोरचा उंबरा सोडून बस. लोक नमस्काराला वाकतात, तुझ्यावर पडतील. आणि मोबाइलचा दिवा वराहाच्या तोंडावर मारू नकोस, आत फ्लॅश आम्ही कुणालाच लावू देत नाही."

तेही अडवतच होते. उंबऱ्यावर बसायचं नाही, फ्लॅश लावायचा नाही, शिखराकडच्या कट्ट्यावर चढायचं नाही. तीन गोष्टींना त्यांनी नाही म्हटलं, आणि तरी तासाभरात आम्हाला तिथं अडवल्यासारखं वाटलं नाही. प्रत्येक नकारामागं कारण होतं आणि नकारानंतर काहीतरी दाखवलेलं होतं. कट्ट्यावर नको म्हणाले आणि हाताला धरून भाच्याला मागच्या बाजूला घेऊन गेले, जिथून शिखराचे थर नीट दिसतात. भूदेवीचा पाय वराहाच्या तळहातावर कसा ठेवलाय तो त्यांनी पोराला दोनदा बघायला लावला. त्यानं तोच काढला. नुसता तळहात आणि पाय.

दुपारी बिडीवरून देगावला गेलो. कमलनारायणाचं देऊळ याच पेरमाडीची राणी कमलादेवी हिनं बांधवलं, आणि शिल्पकाराचं नावही टिकलंय, तिप्पोजा. तीन गाभारे एका ओळीत. बाहेर हिरवळीवर पाणी मारणारा माणूस पाइप खाली टाकून आला, मावशीला सावलीतली पायरी दाखवली आणि "उन्हात दगड तापतोय, चप्पल दारापर्यंत ठेवा, मग काढा" म्हणाला. त्याला इतिहास फारसा सांगता आला नाही. नर्तकींची ओळ मात्र त्यानं कौतुकानं दाखवली, जणू घरातल्या पोरी. मावशीनं त्याला जवळ उरलेलं करदंट दिलं.

कित्तूर वेळेअभावी बाहेरूनच सोडलं आणि महामार्गानं बेळगाव गाठलं. रात्रीच्या गाडीला दोघांना बसवून दिलं, सोबत कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा.

घरी आल्यावर बागलकोटच्या त्या गृहस्थांचा फोन आला. त्यांना संबंधित कार्यालयाला पत्र लिहायचं होतं, मलाही. वेगवेगळी दोन पत्रं पाठवली तर एक मराठी माणसाची आणि एक कन्नड माणसाची तक्रार होते, म्हणून एकच पाठवायचं ठरलं. मजकूर दोन्ही भाषांत, सह्या दोघांच्या. रखवालदारांची नावं त्यात नाहीत. त्यांना नळ आणि संडास द्या, आठवड्याची सुट्टी द्या, पगार वेळेवर करा, आणि कामावर घेताना ती वास्तू आतून बाहेरून फिरवून दाखवा, हे त्यांनी लिहिलं. काय चालतं आणि काय चालत नाही याचा स्पष्ट फलक लावा, पिशव्यांना कपाट आणि टोकन ठेवा, तक्रारवही दारात दोरीनं बांधून ठेवा, फलकावरचा नंबर पुन्हा रंगवा, हे मी. चित्रं काढणाऱ्या मुलांना परवानगी लागत असेल तर ती दारातच, सातही दिवस मिळावी, असंही घातलं.

रात्री त्यांनी कन्नड मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात सगळ्यात वर, आमच्या बाकीच्या मागण्यांच्याही आधी, त्यांच्या बायकोनं सांगून एक मागणी घातली होती, आवारात सावलीत चार बाक टाका. मी मराठी मसुद्यात ती त्याच जागी वर घेतली आणि खाली सही केली.